हिमालयन ४११ ला मोठं इंजिन: बोअर वाढवू, ६५० बसवू, की ४५० घेऊ?

घाटवळण
२ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच काढतो.

माझ्याकडे रॉयल एनफिल्डची २०१८ ची हिमालयन ४११ आहे, म्हणजे ४११ सीसीची बाईक. ८१ हजार किलोमीटर झाले. लेह झालं, स्पिती झालं, हंपी दोनदा झालं, आणि वर्षातून आठ-दहा वेळा पुण्याहून लांज्याजवळच्या आमच्या गावी जाणं असतंच. कराडवरून कोकरूड, मलकापूर, आंबा घाट, साखरपा असा रस्ता. गाडीने आजवर एकदाही रस्त्यात सोडलेलं नाही. त्यामुळे विकायचा विषय निघाला की पोटात कालवतं.

अडचण परतीच्या वाटेवर आहे. जाताना घाट उतरायचा असतो, तेव्हा काही वाटत नाही. येताना साखरप्यानंतर चढ लागतो. मागे बायको, दोन्ही बाजूंना पॅनिअर (सामानाच्या पेट्या), वर पेटी, मे महिन्यात आंबे आणि एरवी नारळ. पुढे एखादा भरलेला ट्रक वीसच्या स्पीडने चढत असतो. मोकळा तुकडा दिसला की मी मूठ पिळतो. गाडी निघते, पण सावकाश निघते. तेवढ्यात वळण येतं. या दिवाळीत ट्रकच्या निम्म्यापर्यंत गेलो आणि समोरून एसटी आली. ब्रेक मारून परत ट्रकच्या मागे आलो. बायको घाटात काहीच बोलली नाही. घरी पोचल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळी आपण एसटीनेच जाऊ."

तेव्हापासून डोक्यात एकच आहे, ताकद वाढवायची. तीन वाटा दिसतात. एक, सिलिंडरचं बोअर, म्हणजे आतला व्यास, वाढवून मोठा पिस्टन टाकायचा. दोन, कुठूनतरी याच कंपनीचं ६५० सीसीचं ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचं इंजिन मिळवून याच चासीत बसवायचं. ओळखीचा एक मेकॅनिक म्हणतो, जमेल. तीन, ही गाडी देऊन नवी हिमालयन ४५० घ्यायची. मनाचा ओढा पहिल्या दोनकडे आहे, कारण त्यात गाडी माझीच राहते. ज्यांनी हे केलंय किंवा जवळून पाहिलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रानवाटा
२ नोव्हेंबर

आंबा घाट, परतीचा चढ, पुढे ट्रक... अगदी ओळखीचं चित्र. मी कोल्हापूरचा, वर्षापूर्वी ४११ वरून ४५० वर आलो. मत नंतर देतो, आधी बाकीच्यांचं वाचतो.

एक करून बघ. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, १५ दात्यांचं आहे, ते १६ चं टाक. बरेच जण टाकतात, गाडी हायवेला निवांत चालते.

मेकॅनिकलवाली
२ नोव्हेंबर

रानवाटा, स्प्रॉकेटचा सल्ला या प्रश्नाला उलटा बसतो. पुढे १६ दाते केले की त्याच वेगाला इंजिन साधारण ६ टक्के कमी फिरतं आणि चाकावर येणारा जोरही तेवढाच कमी होतो. पुणे-सातारा सपाट रस्त्याला छान, पण यांना ओढ हवी आहे आंबा घाटात. तिथे १६ ने त्रास वाढेल. १४ टाकलं तर घाटात बरं, पण हायवेला इंजिन सतत ओरडत राहणार. यात फुकट काही मिळत नाही.

आता बोअरबद्दल. यावर मी नीट लिहिणार आहे, कारण "सीसी वाढवले की ताकद वाढते" हे अर्धंच खरं आहे.

४११ चं बोअर ७८ मिमी, स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ८६ मिमी. बोअर ८१ केलं की ४४३ सीसी होतात. ८१ हा आकडा मुद्दाम घेतलाय, कारण हे काम कंपनीनेच करून दाखवलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या त्यांच्याच स्क्रॅम ४४० चं इंजिन म्हणजे हेच इंजिन, फक्त ३ मिमी मोठ्या बोअरचं. त्यातून काय मिळालं? चोवीसच्या वर असलेली अश्वशक्ती पंचवीसच्या वर गेली आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) ३२ न्यूटन मीटरवरून ३४ झाला. कारखाना, टेस्ट बेड, नवं मॅपिंग (पेट्रोल कधी किती द्यायचं त्याचं सेटिंग) सगळं हाताशी असताना एवढंच. त्याच्या जोडीला सहावा गिअर दिला, आणि चालवणाऱ्याला फरक जाणवतो तो बराचसा त्याचा.

आता ४५० बघा. ४५२ सीसी, म्हणजे ४४३ पेक्षा जेमतेम ९ सीसी जास्त. पण ताकद ४० पीएस (जवळपास तेवढीच अश्वशक्ती) आणि टॉर्क ४० न्यूटन मीटर. हे कुठून आलं? बोअर ८४ आणि स्ट्रोक ८१.५, म्हणजे आखूड स्ट्रोक, त्यामुळे इंजिन जास्त वेगाने फिरू शकतं. दोनाऐवजी चार व्हॉल्व, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा. हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट. कॉम्प्रेशन ९.५ ऐवजी ११.५, आणि ती उष्णता सांभाळायला पाण्याचं कूलिंग. कमाल ताकद ८००० आरपीएमला येते, ४११ ची ६५०० ला. इंजिन एका मिनिटात किती हवा आत घेतं आणि तिच्यासोबत पेट्रोल किती नीट जाळतं, त्यावर ताकद ठरते. सिलिंडर रुंद केला आणि व्हॉल्व, कॅम, थ्रॉटल बॉडी तीच ठेवली, तर मोठी छाती आणि तेच नाक, अशी गत होते.

लडाखचाही विचार करा, कारण तुम्ही तिकडे जाता. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. चोवीसची गाडी तिथे तेरा-चौदाची होते. बोअर वाढवून मिळालेली एक-दोन अश्वशक्ती तिथे हाताला लागणारसुद्धा नाही.

घाटवळण
३ नोव्हेंबर

ताई, मनापासून आभार. स्क्रॅमचं इंजिन तेच आहे हे माहीत होतं, पण फरक एवढासा आहे हे कधी मांडून पाहिलं नव्हतं. म्हणजे बोअर बाद. मग ६५० ट्विन?

लेथवाला_सांगली
३ नोव्हेंबर

मी लेथवर ३१ वर्षं काढली. बोअर मारणं, स्लीव्ह घालणं, बुश करणं हे रोजचं काम. आमच्या भागात डिझेल बुलेट खूप होत्या, टॉरस. ग्रीव्हज-लोंबार्डिनीचं ३२५ सीसी इंजिन, साडेसहा अश्वशक्ती, आणि त्यावर लोक दुधाचे कॅन बांधून चढ चढायचे. स्पीड नव्हता, पण गिअरिंग आणि वजन त्या कामाला जुळवलेलं होतं. म्हणून माझ्याकडे कुणी ताकद मागायला आला की मी आधी विचारतो, कशासाठी पाहिजे?

६५० बद्दल स्पष्ट सांगतो. तुमच्या ४११ ची चासी एका सिलिंडरच्या इंजिनासाठी केलेली आहे. ट्विन रुंद आहे, जड आहे, त्याला दोन सायलेन्सर लागतात, ऑइल कूलरला जागा लागते. माउंटिंग नव्याने करायची म्हणजे चासी कापायची आणि वेल्डिंग मारायचं. पुढचं स्प्रॉकेट आणि मागचं चाक एका रेषेत आणायचं. ते दोन मिमी जरी चुकलं तरी चेन खाते. वायरिंग आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) दोन्ही त्या इंजिनाचे, मीटर या गाडीचा. ते बोलते करायला वेगळा माणूस लागतो. आणि इंजिन ४७ अश्वशक्तीचं झालं, पण पुढे डिस्क तीच ३०० मिमीची, सस्पेन्शनही चोवीस अश्वशक्तीच्या गाडीचं. माझ्याकडे असं काम आलं होतं. मी घेतलं नाही. वेल्ड कुठे तडकेल ते मी सांगू शकत नव्हतो, आणि मागच्या सीटवर कुणाचीतरी लेक बसणार होती.

माझं ऐकाल तर आधी आहे ते इंजिन पूर्ण ताकदीने चालतंय का ते बघा. ८१ हजार झालेत. चाक हाताने फिरवून ब्रेक घासतोय का पाहा. एअर फिल्टर काढून बघा. टॅपेट, क्लचचा प्ले, चेन. चढावर लोड देऊन क्लच घसरतोय का ते तपासा. मग पुढचं बोलू.

कागदपत्री
३ नोव्हेंबर

इंजिनाची बाजू आली, आता कागदाची मांडतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जी माहिती आहे ती उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. जळालेल्या इंजिनाच्या जागी त्याच मॉडेलचं इंजिन टाकलं तर आरटीओला कळवून नवा नंबर आरसीवर चढवता येतो. ४११ च्या आरसीवर ६५० हा तसा मामला नाही. प्रत्येक मॉडेल रस्त्यावर येण्यापूर्वी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत ब्रेक, धूर, आवाज सगळ्याची तपासणी होते. गॅरेजमध्ये झालेल्या गाडीची ती झालेली नसते.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२ अ यात मालकावर येतं: दर बदलामागे ५ हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण मला खरी काळजी दंडाची नाही. उद्या अपघात झाला, समोरच्याला इजा झाली, आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने इंजिन नंबर जुळवून पाहिला तर? घर विकायची वेळ आलेली माणसं मी पाहिली आहेत.

कुंभार्ली_रायडर
४ नोव्हेंबर

मी केलंय, म्हणून लिहितो.

माझ्याकडे जुनी ५०० सीसी एक सिलिंडरची गाडी होती. बोअर ८४ वरून ८७ करून ५३५ केली. गणित सोपं होतं, आणि ८७ बोअरची ५३५ सीसी गाडी कंपनीने २०१३ मध्ये स्वतः बाजारात आणलेली होती, त्यामुळे धीर आला. गॅरेजचं नाव घेत नाही. पहिले दोन महिने स्वर्ग. चिपळूणहून कराडला कुंभार्ली घाटाने येताना चौथ्या गिअरवर चढायची, मी गाणी म्हणायचो.

मॅपिंग कुणी केलं नव्हतं. इंजेक्टर जुन्या इंजिनाच्या हिशोबाने पेट्रोल देत होता आणि हवा जास्त जात होती. पूर्ण थ्रॉटलला मिश्रण पातळ पडायचं. तापायचं. मला ते जाणवलं नाही, कारण पिकअप मस्त वाटत होता. एप्रिलच्या दुपारी घाटाच्या वरच्या टप्प्यात मागचं चाक एकदम लॉक झालं. पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम झाला. क्लच दाबायला अर्धा सेकंद मिळाला म्हणून आज लिहितोय. उजवीकडे दरी होती. भाऊ टेम्पो घेऊन आला तोपर्यंत तिथेच कठड्यावर बसून होतो, हात थरथरत होते.

त्यानंतर स्लीव्ह, पिस्टन, रॉड, पुन्हा जोडणी. दोन्ही वेळचा खर्च धरला असता तर बरीच मोठी सेकंडहँड गाडी आली असती. दादा, ज्या घाटात तुमची बायको घाबरली, तिथेच ही वेळ आली असती तर, एवढंच डोळ्यांसमोर आणा.

स्टुटगार्टकर
४ नोव्हेंबर

इथे जर्मनीत असा बदल करायचा झाला तर टीयूव्ही या तपासणी संस्थेच्या तज्ज्ञाकडून गाडी तपासून कागदावर नोंद करून घ्यावी लागते, ब्रेक आणि चासी नव्या ताकदीला पुरतात का तेही पाहतात. माझ्या एका सहकाऱ्याने जुन्या गाडीला मोठा सिलिंडर बसवला. इंजिनापेक्षा कागदांना जास्त महिने लागले. पण त्याला आज कुणी अडवत नाही. आपल्याकडेही अशी एकेका गाडीची तपासणी करून घेण्याची सोपी वाट असायला हवी असं मनापासून वाटतं. मग लोक चोरून करणार नाहीत.

घाटवळण
९ नोव्हेंबर

कुंभार्ली_रायडर, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. एवढं मोकळेपणाने लिहिलंत, ऋणी आहे. बोअर आणि ६५० दोन्ही डोक्यातून काढले.

लेथवाला काका, तुम्ही सांगितलं तसं सगळं उघडून पाहिलं. एअर फिल्टर तांबड्या मातीने लाल झाला होता, गावच्या कच्च्या रस्त्याची कृपा. मागचा ब्रेक घासत होता, चाक हाताने दीड फेरा फिरून थांबायचं. कॅलिपरची पिन सुकलेली होती. साफ करून ग्रीस दिलं, आता चाक सुटं फिरतं. टॅपेट सेट केले. चेन सेट बदलला, स्प्रॉकेट १५ चंच ठेवलं. काल सिंहगड चढून आलो, एकटाच. गाडी पुन्हा पाच वर्षांपूर्वीसारखी वाटली.

मी स्वतःची एक सवयही पकडली. ट्रकच्या मागे मी तिसऱ्या गिअरमध्ये जेमतेम २५०० आरपीएमला रेंगाळत असतो आणि तिथूनच मूठ पिळतो. या इंजिनाचा टॉर्क भरतो चार ते साडेचार हजाराला. म्हणजे ओव्हरटेकच्या आधी एक गिअर खाली हवा. इतकी वर्षं चालवून हे आत्ता कळतंय.

मागची_सीट
९ नोव्हेंबर

मी त्यांची बायको. धागा वाचत होते, आज खातं उघडलं.

तुम्ही सगळे अश्वशक्ती मोजताय, मी मागे बसून काय मोजते ते सांगते. ट्रकच्या बाजूला आम्ही किती वेळ असतो, ते. मला वेगाची भीती नाही. लेहला जाताना मी मागे बसले होते, मनालीपासून पुढे. मला भीती आहे ती ट्रकच्या मोठ्या चाकाशेजारी अडकून राहायची. तो वेळ कमी झाला पाहिजे. स्वच्छ फिल्टरने तो किती कमी झाला ते आंबा घाटात दोघं आणि सामान असताना कळेल. सिंहगडला तो एकटा गेला होता.

मेकॅनिकलवाली
९ नोव्हेंबर

ताई, तुमचं माप सगळ्यात बरोबर आहे. त्यालाच आकड्यात घालते. गाडी दोनशेच्या जरा आत, तुम्ही दोघं आणि सामान मिळून पावणेदोनशे धरा. पावणेचारशे किलो. आठ टक्के चढावर ताशी ६० ने नुसतं चालत राहायला दहा-अकरा अश्वशक्ती लागतात. ओव्हरटेकला उरते ती त्यावरची. ४११ त्या वेगाच्या आसपास १७-१८ देत असेल तर हातात राहतात सात. ४५० योग्य गिअरला ३० देत असेल तर हातात राहतात एकोणीस-वीस. एकूण ताकद दुप्पट नाही, पण ओव्हरटेकला उरणारी ताकद अडीचपटीच्या वर जाते. ट्रकशेजारचा वेळ ठरतो तो या उरलेल्यावर. हे ढोबळ आहे, पण दिशा हीच.

आणि वजनाचं म्हणाल तर ४५० आहे १९६ किलो, म्हणजे जवळपास तेवढीच.

रानवाटा
१० नोव्हेंबर

मग आकडे कशाला, चालवूनच बघा. येत्या रविवारी मी माझी ४५० घेऊन मलकापूरला येतो. तुम्ही ४११ वर सामानासकट या. आधी तुमच्या गाडीवर साखरप्यापर्यंत उतरून वर या, मग तेच पॅनिअर पट्ट्यांनी माझ्या गाडीला बांधून पुन्हा तेच करा. एकच चढ, एकच वजन, एकच दिवस. आंबा गावात चहा माझ्याकडून.

मागची_सीट
१६ नोव्हेंबर

जाऊन आलो. वृत्तांत मीच लिहिते.

आधी ४११. फिल्टर-ब्रेकचं काम झाल्यावर फरक आहे, नक्की आहे. दिवाळीला तिसऱ्यात रडत होती, आता एक गिअर खाली टाकून व्यवस्थित चढली. दोन ट्रक नीट पार केले. तिसऱ्याला त्याने अंदाज घेतला आणि सोडून दिला. मला ते आवडलं.

मग ४५०. खालच्या आरपीएमला ती ४११ इतकी गुरगुरत पुढे जात नाही, तिला फिरवावं लागतं, हे पहिल्या दोन वळणांत कळलं. त्यानंतर त्याने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ती पाच हजाराच्या वर ठेवली, आणि मी मनात मोजू लागले. ४११ वर ट्रकच्या मागच्या चाकापासून पुढच्या बंपरपर्यंत माझे सहा आकडे व्हायचे. ४५० वर तीन-साडेतीन. पाच ट्रक पार केले. वर आल्यावर लक्षात आलं की मी त्याचा खांदा एकदाही दाबला नाही.

एक गोष्ट मात्र आहे. तिची सीट ८२५ मिमी, आमच्या गाडीची ८००. त्याची उंची पाच फूट पाच. सामान आणि मी मागे असताना उताराच्या बाजूला पाय टेकवताना त्याला बुटाच्या टोकावर उभं राहावं लागलं. हे त्याने ठरवायचं.

कागदपत्री
१६ नोव्हेंबर

ताई, सुंदर वृत्तांत. खर्चाचं लक्षात असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या दुचाकींवर जीएसटी ४० टक्के झाला आहे, आधी उपकर धरून ३१ होता. थर्ड पार्टी विम्याचा गट मात्र ४११ आणि ४५० चा एकच, ३५० च्या वरचा.

आणि दादा, ताकद वाढली तरी चौपदरी महामार्गावर दुचाकीला मर्यादा ८० चीच आहे. नवी ताकद ओव्हरटेकपुरती.

घाटवळण
१८ जानेवारी २०२६

धागा वर काढतो. ४५० घेतली. संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी घरी आणली. उंचीचा प्रश्न रोज मोकळ्या मैदानात सराव करून सोडवला. थांबायची जागा आधी निवडायची, चढाच्या बाजूचा पाय टेकायचा. आता जमतंय.

४११ विकलेली नाही. ती गावी ठेवली. काकांना लांज्याच्या बाजाराला आणि बागेत जायला गाडी हवीच होती, आणि त्या कच्च्या रस्त्यावर खालच्या आरपीएमला ती जशी शांतपणे ओढते तशी ओढ मला दुसऱ्या गाडीत मिळालेली नाही. तिला शेवटचं पुण्याहून गावी मीच नेलं. मागून बायको आली, नव्या गाडीवर, एकटी. घाटमाथ्यावर थांबून माझी वाट पाहत होती.

आता एक अडचण. जुन्या पॅनिअरचे रॅक ४५० ला बसत नाहीत, मागची फ्रेम पूर्ण वेगळी आहे. पेट्या उत्तम आहेत, टाकवत नाहीत. काही करता येईल का?

लेथवाला_सांगली
१८ जानेवारी

अभिनंदन दोघांचं. पेट्या आणि रॅक घेऊन सांगलीला या, गाडी सोबत आणा. कंपनीने दिलेल्या बोल्टच्या जागांवर बसतील असे ब्रॅकेट करून देतो. फ्रेमला एकही वेल्ड मारणार नाही. येताना सूनबाईंनाही आणा, दोन्ही पेट्या भरून त्यांना मागे बसवूनच माप घेऊ.